दयेचा खर्च

हरीण मारू नये, हे मुलांना शिकविणे सोपे असते. आमच्या धाराशिवकडे मात्र एखादा पोरगा हळूच विचारतो, "मग गुरुजी, आमची ज्वारी कुणी खायची?" या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण पौषातल्या रात्री माळ्यावर जागणाऱ्याची हाडे थंडीने गारठतात. तो हौसेने जागत नाही. दाणे भरलेल्या ज्वारीत रानडुकरे शिरतात, काळविटांचा कळप हरभऱ्यात उतरतो, म्हणून जागतो.

पूर्वी शिकारीला परवाने मिळत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना आवर घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे दारच लावले. आज काळवीट मारणाऱ्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे. येडशीजवळच्या रामलिंग घाटात १९९७ पासून अभयारण्य आहे. हे सारे मला मनापासून मान्य आहे. करमणुकीसाठी जीव घेण्याचा हक्क कुणालाच नसावा.

परंतु पीक राखणे ही करमणूक नव्हे. कायद्यालाही हे ठाऊक आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी रीतसर परवानगीची वाट त्याने ठेवली आहे. तिकडे बर्फाळ नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकाऱ्याला दरसाल नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. परवानगी काय, परीक्षा काय, दोहोंचा अर्थ मला एकच दिसतो : मारणे अटळच झाले, तर मारणाऱ्याने समोर काय आहे ते पाहावे आणि त्याचा जाब द्यावा.

याच्या अगदी उलट म्हणजे बांधावर सोडलेली विजेची तार. तो गुन्हा तर आहेच; पण माझ्या मते त्याहून वाईट हे, की तारेला डोळे नसतात. डुक्कर, हरीण, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, तिला सारे सारखेच. तार लावणारा तेव्हा घरी गोधडीत असतो. काय मेले, हे त्याला उजाडल्यावर कळते. त्याच्या अगतिकतेची मला कीव येते, तरी त्याचे समर्थन माझ्याने होत नाही.

मग त्याने करावे काय? इथे प्रश्न आपल्याकडे वळतो. वसुबारसेला आपण गायवासराला ओवाळतो. त्या गाईची वैरण आपल्या पदरची असते. हरणाची वैरण मात्र कोरडवाहू तीन एकरवाल्याच्या पदरची, आणि त्याच्यावर दया करतो आपण! सरकार पीकनुकसानीची भरपाई देते खरे; पण पंचनाम्याचे हेलपाटे आणि जागून काढलेल्या रात्री कुठल्या रकान्यात भरायच्या?

हरीण जगलेच पाहिजे. परंतु ते सर्वांचे असेल, तर त्याच्या चाऱ्याचा खर्चही सर्वांचा असावा. भरपाई वेळेवर मिळावी, कुंपणाला पैसा मिळावा, त्यासाठी आपला कर खर्ची पडला तर कुरकुर नसावी. एवढे झाले, म्हणजे त्या पोराच्या प्रश्नाला मला वर्गात मान वर करून उत्तर देता येईल.