समाचार

मराठीत शत्रूचाही समाचार घेतात आणि आजाऱ्याचाही. दोहोंना एकच शब्द का, हे कोडं मला हर्नियाच्या ऑपरेशननंतर उलगडलं.

उस्मानाबादचं धाराशिव व्हायच्या आधीची ही गोष्ट. गावातल्याच एका दवाखान्यात आठ दिवस पडून होतो. पहिले पाहुणे आले ते म्हणाले, "अगदीच वाळलात हो!" दुसरे म्हणाले, "चेहरा सुजलाय." तिसऱ्यांनी आपल्या साडूचं हेच ऑपरेशन टाक्याटाक्यासह सांगितलं. "आता कसे आहेत ते?" असं मी विचारलं, तर घड्याळात पाहून एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठलेच! मला मधुमेह आहे हे ठाऊक असलेले एक स्नेही कुंथलगिरीचे पेढे घेऊन आले आणि माझ्या पथ्याच्या काळजीने स्वतःच संपवून गेले. तुळजाभवानीचं कुंकू तिघांनी लावलं. चौथ्याला कपाळ उरलं नाही.

ही मंडळी माझ्यासाठी येतात, की 'गेलो नाही असं नको व्हायला' म्हणून? माया नसताना निव्वळ रीत म्हणून जाणं हे ढोंगच नव्हे काय? हा माझा जुना सिद्धान्त. त्याच्याच पायी मी सोलापूरला अॅडमिट असलेल्या एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला गेलो नव्हतो. आमचा अबोला होता. खोटंखोटं हसून काय विचारायचं? मनापासून वाटलं की जाऊ, असं म्हणता म्हणता महिना गेला आणि मग तोही गेला.

शेजारच्या खाटेवर सास्तूरकडचे एक म्हातारबाबा होते. एकदा मी वैतागून म्हटलं, "आबा, तुमचं बरं आहे. कुणी डोकं खायला येत नाही."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, भूकंपात पाय मोडला तवा सोलापूरच्या दवाखान्यात व्हतो म्या. येनारी समदी मानसं मातीखाली."

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात दगडमातीच्या जाडजूड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. सुमारे ८ हजार माणसं गेली.

"एक बाई यायची. वळख ना पाळख. रोज इचारायची, 'कसं काय बाबा?' म्या म्हनायचो, 'बरं हाय.' झालं. तिला माझा कळवळा व्हता का न्हाई, देव जाने. पर पाच वाजले की म्या दाराकडं बघायचो."

त्या रात्री झोप आली नाही. दोष टाक्यांचा नव्हता. मी ३० वर्षं वर्गात हजेरी घेतली. 'हजर' म्हणणारा पोरगा मनापासून म्हणतो की नाही, हे कधी विचारलं नाही. तो आला होता, एवढ्यावर माझा पट भरत होता. येणाऱ्याच्या मनात काय आहे, ते त्याचं तो जाणे. खाटेवरून मन दिसत नाही, दार दिसतं. माझा सहकारीही त्या महिन्यात दाराकडे बघत असेल काय? विचारायची सोय मी ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी साडूवाले पुन्हा आले. मी त्यांना म्हटलं, "आज जरा आबांचा समाचार घ्या." ते आबांच्या खाटेवर टेकले आणि पहिल्या टाक्यापासून सुरू झाले. आबा तल्लीन होऊन ऐकत होते. "मग फुडं? आता कसं हायती त्ये?"

साडू ठणठणीत असून उमरग्याला किराणा दुकान चालवतात, हे मला तेव्हा कळलं.