डॉक्टरच्या वेळेची वर्गणी

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने २०१८ साली एक लहानसा कायदा केला. पुढच्या वर्षीच्या जुलैपासून राज्य कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत 'डायरेक्ट प्रायमरी केअर' हा पर्याय प्रायोगिक म्हणून दाखल झाला. तो निवडला की फॅमिली डॉक्टरला महिन्याला ठरावीक वर्गणी मिळते. भेटीगणिक बिल नाही, विमा कंपनीकडे दावा नाही. शुगर, बीपी, गुडघेदुखी, झोप न लागणं, सगळ्यासाठी एकच दार. शस्त्रक्रिया आणि कॅन्सरसारख्या मोठ्या दुखण्यांना विमा असतोच. न्यू जर्सी राज्य आणि नॉर्थ कॅरोलिनातली युनियन काउंटी या वाटेने २०१६ मध्येच गेली होती.

या व्यवस्थेत खरेदी होते ती वेळेची. विम्यावर चालणाऱ्या अमेरिकन डॉक्टरच्या खात्यावर दोन हजारांहून अधिक रुग्ण असू शकतात. उत्पन्न भेटींच्या संख्येवर, त्यामुळे प्रत्येकाला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, आणि संध्याकाळ दाव्यांचे कोड भरण्यात. वर्गणीवाला डॉक्टर साधारण सहाशे रुग्णांवर थांबतो. अर्धा तास बोलतो, फोनवर सापडतो. चाळिशीच्या शिक्षिकेला छातीत जळजळ झाली, तर ती पित्ताची की हृदयाची हे तिला आधीपासून ओळखणारा माणूस लवकर ताडू शकतो. ही ओळख म्हणजेच उपचार आहे, असं मी मानतो.

पण सरकारांना हा पर्याय विकला जातो तो बचतीच्या नावाने. इथे माझा विरोध आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या योजनांत विमा कंपनी फक्त कारभार पाहते, बिल जातं राज्याच्या तिजोरीतून. म्हणून बचतीचा मोह समजण्यासारखा आहे. सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीजसाठी मिलिमन या सल्लागार कंपनीने २०२० मध्ये एका मालकाच्या कर्मचाऱ्यांचे दोन गट ताडून पाहिले. वर्गणी निवडणारे मुळातच जरा निरोगी होते. तो फरक वजा केल्यावरही त्यांच्या इमर्जन्सी विभागातल्या फेऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी होत्या आणि एकूण उपचारांची गरज १२ टक्क्यांहून अधिक घटलेली होती. मात्र वर्गणी धरून हिशेब केला, तर मालकाचा खर्च १.३ टक्क्यांच्या आसपास वाढला होता. मला हा निकाल उत्तम वाटतो. जवळपास तेवढ्याच पैशात माणसं मध्यरात्री इमर्जन्सीत धावायची कमी झाली! पण ज्या अधिकाऱ्याने बचतीचा वायदा केला, तो हाच आकडा पाहून योजना गुंडाळेल.

नुसती वर्गणी पुरेशी नसते, हे आपल्याकडची सीजीएचएस सांगते. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या या योजनेत केंद्रीय कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा ठरावीक रक्कम कापली जाते. मुंबई, पुणे, नागपुरातही तिचे दवाखाने आहेत. पण कर्मचारी जोडलेला असतो तो दवाखान्याशी. समोर बसलेला डॉक्टर आज एक, बदलीनंतर दुसरा.

टीकाकार विचारतात, डॉक्टरने दोन हजारांऐवजी सहाशेच रुग्ण घेतले तर उरलेले कुठे जातील? प्रश्न रास्त आहे, आणि डॉक्टर मुळातच कमी असलेल्या ग्रामीण भागात तर बोचरा. थकून व्यवसाय सोडणारे डॉक्टर यामुळे टिकतील, हे उत्तर मला अर्धंच पटतं. कौटुंबिक वैद्यकाकडे वळणारे विद्यार्थी वाढले, तरच ते पुरं होईल.

कराची एक अडचण मात्र सुटली. करमुक्त आरोग्य बचत खातं आणि ही वर्गणी एकत्र चालत नव्हती. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून एकट्याला दरमहा १५० आणि कुटुंबाला ३०० डॉलरपर्यंत मोकळीक दिली. आता आणखी राज्यं हा पर्याय देऊ पाहतील. त्यांनी करारात प्रत्येक डॉक्टरमागे रुग्णांची कमाल संख्या लिहावी, दीर्घ आजाराच्या माणसासाठी वर्गणी जास्त द्यावी म्हणजे त्याला कुणी टाळणार नाही, आणि रस्ते झाडणाऱ्या कर्मचाऱ्याची वर्गणी पूर्णपणे सरकारने भरावी.