शेजारच्या बाकावर

बसमध्ये आपल्या शेजारी कोण येऊन बसावे, हे आपण ठरवत नाही. कंडक्टर तिकीट फाडतो, आपण खिडकीबाहेर पाहतो आणि थांबा आला की उतरतो. वर्षानुवर्षे एकाच गाडीने जाणारी माणसे एकमेकांचे नावही न विचारता निवृत्त होतात. मग कधी तरी एखादी भेट अशी होते की दोन आयुष्यांची दिशा बदलते. अशा भेटीला कोणी योगायोग म्हणतो, तर श्रद्धावान माणूस देवाची योजना म्हणतो. काहीही म्हटले तरी एक प्रश्न उरतोच : त्या भेटीत माणसाचे स्वतःचे काम कोणते?

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराची एक हकीकत आहे. १९५० नंतरच्या दशकात दोन मुले एकाच बसने शाळेत जात. पॉल मॅकार्टनी एक वर्ग पुढे होता, जॉर्ज हॅरिसन एक वर्ग मागे. घरे दोघांचीही साधीच. पॉलची आई सुईण होती, तर जॉर्जचे वडील बसवरच नोकरीला होते, आधी कंडक्टर आणि नंतर ड्रायव्हर. दोघांचाही बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये झालेला. शाळेच्या वयात एका वर्गाचे अंतर किती मोठे वाटते, हे आपण सारे जाणतो. वरच्या वर्गातला मुलगा खालच्या वर्गातल्याशी सहसा बोलत नाही. हे दोघे मात्र बोलू लागले. दोघांनाही गिटारचे वेड असल्याचे कळले आणि बसमधली ओळख घरापर्यंत पोहोचली.

पुढे ६ जुलै १९५७ रोजी वूल्टन येथील सेंट पीटर या अँग्लिकन चर्चच्या जत्रेत पॉलची गाठ जॉन लेनन या सोळा वर्षांच्या मुलाशी पडली. जॉनचे स्वतःचे वाद्यमंडळ होते आणि त्याचा म्होरक्या तोच होता. पॉल गिटार त्याच्याहून चांगली वाजवत होता. त्या वेळी आपल्या मनात काय आले, हे जॉनने पुढे प्रांजळपणे सांगितले आहे. या मुलाला घेतले तर मंडळ बलवान होईल, पण माझे एकट्याचे वर्चस्व राहणार नाही. मग करावे काय? त्याने मंडळाचे हित निवडले आणि पॉलला घेतले.

आता पॉलची पाळी आली. १९५८ च्या सुरुवातीला त्याने जॉनला बसमधल्या मित्राविषयी सांगितले. जॉर्ज तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. एवढ्या लहान पोराला सोबत घ्यायला जॉन तयार नव्हता. पॉलने पुढे अनेकदा सांगितलेली आठवण अशी : रात्रीची वेळ, डबलडेकर बसचा वरचा, जवळजवळ रिकामा मजला. तिथे बसून जॉर्जने ‘रॉन्ची’ ही त्या काळी गाजत असलेली धून गिटारवर अगदी बिनचूक वाजवून दाखवली. जॉनने वयाचा हट्ट सोडला. या तिघांभोवतीच पुढे ‘बीटल्स’ हे जगप्रसिद्ध वाद्यवृंद उभे राहिले.

या झाडाचे एक फळ आपल्या जवळचे आहे. १९६६ साली जॉर्ज पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईला आले. त्या गुरुशिष्यांच्या नात्यातूनच १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठा संगीत कार्यक्रम झाला. त्या दिवशीच्या तिकिटांतून सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफला देण्यात आले.

इथवर ही हकीकत ऐकायला गोड वाटते. परंतु तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. जॉनच्या मंडळात आधीपासून एरिक ग्रिफिथ्स नावाचा गिटारवादक होता. जॉर्ज आल्यावर त्याची जागा उरली नाही. त्याला सरावाला बोलावणेच बंद झाले. एका मुलासाठी दार उघडताना दुसऱ्या मुलासाठी ते मुकाट्याने लावले गेले.

आपण म्हणू, पुढे केवढे मोठे काम झाले, तेव्हा जे झाले ते बरेच झाले. पण परिणामावरून कृतीचा न्याय करता येतो का? त्या दिवशी पुढचे कोणालाच दिसत नव्हते. तिथे काही किशोर मुले होती, एक चांगला वादक आला होता आणि एका जुन्या सोबत्याला बाजूला व्हायचे होते. जॉर्जला घेणे योग्यच होते. परंतु एरिकला समोर बसवून खरे सांगणे, त्याच्या आजवरच्या सोबतीबद्दल आभार मानणे, हेही त्यांचे कर्तव्य होते. चांगल्या निर्णयाची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागत असेल, तर निदान त्याच्या डोळ्यांत पाहण्याचे धैर्य आपल्यात असावे.

आणि जागा देणे हे एकदाच करून संपणारे काम नाही. ज्या दोघांनी जॉर्जला आत घेतले, त्यांनीच पुढे त्याने रचलेल्या गाण्यांना फारशी जागा दिली नाही. जानेवारी १९६९ मध्ये तो काही दिवस वृंद सोडून निघूनही गेला होता. आत घेतलेल्या माणसाला धाकटाच समजत राहिलो, तर त्याला अर्धाच आत घेतला असे म्हणावे लागेल.

हे सारे दूरच्या शहरातले असले तरी आपल्या चर्चच्या गायनवृंदात, वाडीतल्या मंडळात, घरातल्या व्यवसायात हाच प्रसंग दर काही वर्षांनी उभा राहतो. कोणी तरी नवखा येतो. तो आपल्याहून चांगला गातो, पटकन शिकतो. आपण म्हणतो, “अजून लहान आहे, थांबू दे.” बऱ्याचदा ते कारण खरे असते. पण कधी कधी ते आपल्या खुर्चीचे रक्षण असते, हे आपल्या मनाला ठाऊक असते. त्याच वेळी बाकावरच्या दुसऱ्या टोकाला कोणी ज्येष्ठ भगिनी किंवा बंधू बसलेले असतात. वीस वर्षे गाऊन त्यांचा आवाज आता थकलेला असतो.

भेट घडणे आपल्या हाती नाही. पण थोडे सरकून बसणे, नाव विचारणे, आणि ज्याला उठावे लागते त्याच्याशी प्रेमाने बोलणे, एवढे आपल्या हाती नक्कीच आहे. या आठवड्यात आपल्या बाकावर कोणासाठी जागा करायची राहिली आहे, आणि कोणाचे आभार मानायचे राहून गेले आहेत?