पाहुण्याची संमती

संगणक घरातल्या वस्तूंत मुरून दिसेनासा होईल, असे मार्क वायझर यांनी १९९१ साली लिहिले. आज दिवाणखान्यातील ध्वनियंत्र हाकेसरशी गाणे लावते. त्यासाठी ते अखंड कान देऊन असते, आणि कधी भलताच शब्द हाक समजून बोलणे टिपते. यजमानाने अटी, न वाचता का होईना, मान्य केल्या. पाहुण्याने काय मान्य केले? १८७२ च्या करार कायद्याचे कलम १३ सांगते : एकाच गोष्टीस एकाच अर्थाने रुकार, ती संमती. हे कलम आम्ही कोर्टात कितीदा उच्चारले असेल! परवा एक स्नेही मुलीच्या मोडलेल्या सोयरिकीविषयी हलक्या आवाजात बोलू लागले, तेव्हा आम्ही उठून यंत्राची कळ बंद केली. त्यांनी कारण विचारले. सांगताना आम्हांस संकोच वाटला.