जमा आणि नावे

भाडेकरू ठेवताना मालक आधी आडनाव विचारतो, पगार नंतर. त्याला जातीयवादी म्हणा. लगेच उत्तर येतं, ‘छे हो! माझे चार मित्र त्यांच्यातलेच आहेत!’ म्हणजे मोजून ठेवलेत!

आम्हा बँकवाल्यांच्या मते पूर्वग्रह म्हणजे नुसता द्वेष नव्हे. ती खोटी खतावणी आहे. त्यांच्यातल्या एकाने चांगलं केलं, की ‘अपवाद’ म्हणून सस्पेन्स खात्यात. वाईट केलं, की साऱ्या जातीच्या नावे! आपल्या जातीचं नेमकं उलट.

आमच्याच गावचं पाहा. बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं १९५० साली. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला जुलै १९७८ मध्ये. घरं जळली, माणसं गेली. नाव लागलं जानेवारी १९९४ मध्ये. पास झालेला चेक वटायला साडेपंधरा वर्षं! आणि खातेदार ओरडला, की म्हणायचं, ‘हे लोक फारच जातीयवादी बुवा!’