संजयाने किती बोलावे?

संजय म्हटला की दिव्यदृष्टी लाभलेला आणि अंध राजाला रणांगणाची हकीकत सांगणारा सूत आपल्याला आठवतो. युद्धापूर्वी हाच संजय धृतराष्ट्राचा दूत होऊन पांडवांकडे गेला होता, ही गोष्ट सहसा ध्यानात राहत नाही. तिथून परतल्यावर त्याने राजाला त्याच्या वागण्याबद्दल खडसावले, आणि पांडवांचा निरोप उद्या भर सभेत सांगेन, असे म्हणून तो घरी गेला. राजाला त्या रात्री झोप आली नाही. त्याने विदुराला बोलावून घेतले. पाहिलेले सांगणे, निरोप पोचवणे आणि सत्ताधाऱ्याला हिताचे कडू बोल ऐकवणे ही तीन निरनिराळी कामे आहेत. ती एकाच माणसाने करावीत काय, आणि करू गेल्यास त्याच्या पाहण्यावरचा लोकांचा विश्वास टिकतो काय, हा प्रश्न जुना आहे. आज तो ध्रुवप्रदेशांतील बर्फ मोजणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे येऊन उभा राहिला आहे.

त्या बर्फाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. अंटार्क्टिकावरचे सारे बर्फ वितळले तर जगातील समुद्र सुमारे ५८ मीटरनी चढेल. तसे नजीकच्या काळात होणार नाही हे खरे. परंतु त्याचा अल्पसा अंशही मुंबईतल्या किंवा कोकणच्या खाडीकाठच्या माणसाला पुरेसा आहे. उत्तर ध्रुवाकडील प्रदेश तर १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आला आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. बर्फाच्या थरांतून काढलेला एखादा आकडा पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन माझ्यापाशी नाही. या बाबतीत मी धृतराष्ट्राच्या जागी आहे, आणि थोडा विचार केला तर बहुतेक मंत्री आणि मुत्सद्दीही त्याच जागी आहेत. आम्हा सर्वांना कोणाच्या तरी डोळ्यांवर विसंबावे लागते.

हे डोळे मुत्सद्द्यांच्या कामी कसे आले याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात बारा देशांच्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर काम केले. त्या वेळी सात देश त्या खंडाच्या तुकड्यांवर मालकी सांगत होते. ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांचे दावे तर एकमेकांवर चढलेले होते. अमेरिका आणि सोव्हिएट रशिया यांच्यात शीतयुद्ध चालू होते. तरीही मोजमापे झाली, ती एकमेकांना दाखवली गेली, आणि त्यातून जो सलोखा निर्माण झाला त्याच्या बळावर १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथे अंटार्क्टिक करार झाला. मालकीचे दावे मान्यही झाले नाहीत आणि अमान्यही झाले नाहीत. ते होते तसे गोठवून ठेवले गेले. लष्करी तळ आणि अणुस्फोट यांना बंदी झाली, संशोधनाला मोकळीक मिळाली. भारताने १९५६ मध्येच हा विषय संयुक्त राष्ट्रांपुढे आणू पाहिला होता. पुढे १९८१ च्या डिसेंबरात आपली पहिली मोहीम गोव्याहून निघाली आणि १९८३ मध्ये भारत त्या करारात सामील झाला.

मात्र या कराराला एक दुसरी बाजू आहे. तिथल्या निर्णयात मत हवे असेल तर नव्याने येणाऱ्या देशाने तेथे भरीव संशोधन करून दाखवले पाहिजे, अशी अट आहे. अट चांगली आहे. पण तिच्यामुळे संशोधन हेच हक्काचे नाणे होऊन बसले. ज्या तळावर शास्त्रज्ञ वारा मोजतो, त्याच तळावर त्याच्या देशाचा झेंडा फडकत असतो. अर्जेंटिनाने आपला दावा बळकट करण्यासाठी एका गरोदर स्त्रीला तिथल्या तळावर नेले आणि १९७८ मध्ये तिचे मूल त्या बर्फात जन्माला आले. शास्त्रज्ञ निःपक्ष असतो असे आपण सहज म्हणतो. तो झेंड्याखाली उभा राहून निःपक्ष राहतो, हे त्यापेक्षा खरे आणि कठीण आहे.

हे कठीण काम झालेले आहे, याचीही साक्ष आहे. व्होस्टोक या सोव्हिएट तळावर बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या नळकांड्यांचा अभ्यास रशियन आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी मिळून केला. १९८७ मध्ये त्यातून एक लाख साठ हजार वर्षांचा हवेचा इतिहास जगापुढे आला. हवेतला कर्बवायू आणि तापमान बरोबरीने चढतउतरत आले आहेत, हे त्यातून दिसले. तेव्हा बर्लिनची भिंत अजून उभी होती.

त्याच सुमाराची ओझोनची हकीकत अधिक बोधप्रद आहे. ब्रिटनच्या हॅली या तळावर १९५७ पासून दरवर्षी ओझोन मोजला जात होता. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केले की, तेथल्या वसंत ऋतूत ओझोन झपाट्याने घटत चालला आहे. १९८७ मध्ये माँट्रिअल येथे राष्ट्रांनी करार केला. शास्त्रज्ञांनी सगळे सिद्ध करून दिल्यावर तो झाला असे नाही. कारणांचा शोध अजून चालूच होता. परंतु ज्ञान वाढेल तशी अट कडक करण्याची सोय करारातच ठेवलेली होती, आणि १९९० मध्ये लंडनला ती कडक झालीही. अपुऱ्या ज्ञानावर शहाणपणाने वागता येते, याचे हे उदाहरण आहे.

याच्या उलट उदाहरण २००७ चे. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीने त्या वर्षी, शतकाअखेरीस समुद्र १८ ते ५९ सेंटिमीटर चढेल असा अंदाज दिला. बर्फाचे प्रवाह एकाएकी वेगाने समुद्राकडे सरकू लागले तर काय, याचे गणित तेव्हा मांडता येत नव्हते; म्हणून ती वाढ आकड्यात धरली नाही आणि तसे स्पष्ट लिहिलेही. यात खोटे काही नाही. पण टीप तळाशी राहते आणि आकडा सभेत जातो. ऐकणाऱ्याने ५९ ही कमाल मर्यादा समजली. जे मोजता आले नाही ते शून्य आहे, असा अर्थ आपोआप निघाला. २०२१ च्या अहवालात हीच समिती म्हणाली की, प्रदूषण बेसुमार राहिले तर शतकाअखेर दोन मीटरच्या आसपासची वाढही नाकारता येत नाही. आपल्या अज्ञानाचे आकारमान सांगणे हाही साक्षीचाच भाग आहे, असे मला यावरून वाटते. अंधारात काय आहे हे साक्षीदाराला ठाऊक नसेल; पण अंधार किती मोठा आहे हे त्याने सांगितलेच पाहिजे.

यापुढे जाऊन त्याने वकील व्हावे काय? या समितीच्या सारांशातली ओळ न् ओळ सरकारांच्या प्रतिनिधींसमोर मंजूर होते. तेथे शब्दांची ओढाताण होणारच. साधी समजूत अशी की, मुत्सद्द्याचा हात लागला की सत्य बाटते. मला तसे वाटत नाही. ज्या वाक्यावर राजाने स्वतः मान डोलावली, ते वाक्य मी ऐकलेच नव्हते असे त्याला पुढे म्हणता येत नाही. पण याची किंमतही आहे. २०१९ मध्ये रोव्हानिएमी येथे आर्क्टिक परिषदेत हवामानबदल हा शब्दच अमेरिकेला नको होता, आणि संयुक्त जाहीरनामा निघाला नाही. तो शब्द गाळून एकमत साधावे, असे एखाद्या व्यवहारी माणसाला वाटले असते. तसे एकमत मोडले हेच बरे झाले. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर इतर सात देशांनी रशियाबरोबरचे परिषदेचे काम थांबवले. पुढे काही काम हळूहळू सुरू झाले. तरी आर्क्टिकच्या किनाऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग रशियाचा असल्यामुळे तिथल्या मोजमापांत पडलेली खिंडारे सहज बुजणारी नाहीत. आक्रमकाबरोबर बसू नये हा धर्म, आणि बर्फाची नोंद तुटू देऊ नये हाही धर्म. दोन धर्मांच्या अशा भांडणाचा निकाल शास्त्रज्ञाच्या उपकरणात सापडत नाही.

म्हणून पुन्हा संजयाकडे वळावेसे वाटते. त्याने राजाला दोष दिला तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत. निरोप मात्र दुसऱ्या दिवशी सभेत, सर्वांच्या देखत सांगितला. रागाच्या भरात त्यातले काही वाढवले नाही, राजाच्या भीतीने काही गाळले नाही. शास्त्रज्ञालाही नागरिक म्हणून संतापण्याचा हक्क आहे. तो संताप त्याच्या कोष्टकात उतरू नये, आणि कोष्टक सांगताना त्याचा आवाज खाली येऊ नये. एवढे त्याने केले म्हणजे त्याचे काम झाले. धृतराष्ट्राने सगळे ऐकले होते, संजयाचेही आणि रात्रभर विदुराचेही. त्याला माहिती कमी पडली, असे व्यासांनी कुठेही म्हटलेले नाही.