शपथ आणि हुकूम

अमेरिकेच्या राज्यघटनेची थोरवी गाताना आपण बहुधा सत्तेच्या विभागणीपाशी येऊन थांबतो. कायदे करणारी काँग्रेस, ते अमलात आणणारा राष्ट्राध्यक्ष आणि निवाडा करणारी न्यायालये ही तीन अंगे १७८७ साली फिलाडेल्फियात जमलेल्या मंडळींनी मुद्दाम एकमेकांच्या वाटेत उभी केली. त्यामागचा विचार जेम्स मॅडिसनने पुढच्याच वर्षी रोखठोकपणे मांडला. सत्ताधाऱ्यांच्या चांगुलपणावर भिस्त ठेवू नये, एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याची महत्त्वाकांक्षा आडवी घालावी, असा त्याचा आशय होता. मनुष्यस्वभावाविषयीचा इतका निःशंक अविश्वास एखाद्या राज्याच्या पायात क्वचितच घातला गेला असेल.

मग त्याच घटनेच्या सहाव्या अनुच्छेदात शपथ कशाला आली? संघराज्याच्या व घटकराज्यांच्या सर्व अधिकाऱ्यांनी या घटनेला पाठिंबा देण्याची शपथ घ्यावी, किंवा ज्याला शपथ घ्यावयाची नसेल त्याने प्रतिज्ञा करावी, असे तेथे सांगितले आहे. पहिल्या काँग्रेसचा पहिला कायदा, ज्यावर वॉशिंग्टनने १ जून १७८९ रोजी सही केली, तोही या शपथेविषयीचाच. ज्यांचा सद्गुणांवर विश्वास नाही त्यांनी शपथ मागावी, यात विसंगती दिसते खरी. कारण शपथेला सदसद्विवेकावाचून दुसरा जामीन नाही. परंतु ही शपथ राष्ट्राध्यक्षाच्या नावाने नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. राजाचा नोकर राजाशी बांधलेला असतो. येथे राजाच्या जागी एक लेख आणून ठेवला आहे, आणि लेख काही हुकूम सोडीत नाही. हुकूम सोडणार वरिष्ठच. तो हुकूम त्या लेखाशी जुळतो की नाही, हे ज्याचे त्याने आपल्या टेबलाशी बसून ठरवावयाचे.

२० ऑक्टोबर १९७३ रोजी ही गोष्ट तीन माणसांना ठरवावी लागली. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या ध्वनिफितींची मागणी करणारा विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स याला काढून टाका, असा हुकूम अ‍ॅटर्नी जनरल इलियट रिचर्डसनला मिळाला. कॉक्सच्या कामात ढवळाढवळ करणार नाही, असे वचन त्याने सिनेटला दिलेले होते. त्याने राजीनामा दिला. त्याचा दुय्यम रकलशॉस यानेही नकार दिला. तिसरा, सॉलिसिटर जनरल बोर्क, याने हुकूम बजावला. लोककथेत पहिले दोघे वीर आणि तिसरा खलपुरुष ठरला आहे. मला हा निवाडा फार सोपा वाटतो. सगळेच उठून गेले तर खाते निर्नायकी होईल, असे बोर्कचे म्हणणे होते, आणि तू राहा, असे त्याला खुद्द रिचर्डसननेच सांगितले होते. तथापि पुढच्याच महिन्यात एका न्यायाधीशाने ती बडतर्फी बेकायदा ठरवली. गंभीर गैरवर्तनाखेरीज कॉक्सला काढता येणार नाही, असा नियम खात्यानेच केलेला होता. खाते चालू ठेवणे आणि खात्याचे नियम पाळणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे कचेरीत उमेदवारी केलेल्या माणसाला निराळे सांगावयास नको.

तरीही रिचर्डसनचा पेच तुलनेने सुलभ होता. त्याची शपथ आणि त्याचे मन एकाच दिशेला बोट दाखवीत होते. खरा पेच जेथे लेखच अन्याय सांगतो तेथे पडतो. त्याच घटनेच्या चौथ्या अनुच्छेदात, ‘गुलाम’ हा शब्द कटाक्षाने टाळून, पळून गेलेला बांधील मनुष्य मालकाला परत द्यावा असे कलम होते. १८५० च्या कायद्याने त्यासाठी कमिशनर नेमण्याची सोय वाढवली व त्यांची फीही ठरवून दिली. माणूस गुलामगिरीत परत धाडला तर दहा डॉलर, सोडून दिला तर पाच. परत धाडण्यात कागदपत्रांचे काम अधिक, असे त्याचे समर्थन करण्यात आले. (लेखणीवर पोट असलेल्याला हा हिशेब वाचून कसेसेच होते.)

१८५४ साली बोस्टनमध्ये व्हर्जिनियातून निसटलेल्या अँथनी बर्न्सला कमिशनर एडवर्ड लोरिंगपुढे उभे करण्यात आले. लोरिंगने कायदा घटनासंमत मानला आणि २ जूनला परत पाठवण्याचा निर्णय दिला. शिपायांच्या पहाऱ्यात, काळी वस्त्रे लावलेल्या घरांवरून, बर्न्सला बंदराकडे नेले. महिन्याभराने गॅरिसनने जाहीर सभेत घटनेची प्रत जाळली. उलट, स्वतः गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस, नीट वाचली तर हीच घटना गुलामगिरीविरुद्ध आहे, अशा मताला १८५१ मध्येच आला होता. मॅसॅच्युसेट्सने १८५८ मध्ये लोरिंगला प्रोबेट न्यायाधीशाच्या जागेवरून दूर केले. राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅननने त्याच वर्षी त्याला वॉशिंग्टनच्या दाव्यांच्या न्यायालयावर नेमून टाकले.

लोरिंगने शपथ मोडली असे मला म्हणवत नाही. पण शपथ खुर्चीत बसलेल्याला बांधते. खुर्चीत बसून राहण्यास बांधत नाही. रिचर्डसन उठला तसे लोरिंगलाही उठता आले असते. यावर उत्तर तयार असते की, आपण उठलो तर दुसरा कोणी सही करील. करील खरा, पण ती त्याची सही असेल. दुसरे उत्तर अधिक खरे आहे, आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. रिचर्डसन बोस्टनच्या जुन्या प्रतिष्ठित घराण्यातला होता. राजीनाम्यानंतर सरकारी निवासस्थान रिकामे करून मुलांना कोठे न्यावे, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. आपणही नोकरीत शिरताना घटनेशीच निष्ठेची शपथ घेतली आहे, आणि घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल, हे डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते. राबवणाऱ्यांत केवळ मंत्री येतात, अशी समजूत करून घेणे आपल्याला सोयीचे असते.

बोस्टनच्या काही लोकांनी पुढे वर्गणी जमवून १३०० डॉलरना बर्न्सचे स्वातंत्र्य १८५५ मध्ये विकत घेतले. तो ओबर्लिन येथे शिकला, कॅनडातील सेंट कॅथरिन्सच्या एका चर्चमध्ये धर्मोपदेशक झाला आणि तेथेच १८६२ साली वारला. गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती त्यानंतर तीन वर्षांनी झाली.